घोडी कीं घोडीं? पागेच्या कागदांतील एक शब्द आणि अश्वजातीचा स्वभावधर्म

मराठ्यांच्या लष्करी कागदपत्रांत, विशेषतः पागांच्या याद्यांत व शिलेदारांच्या हजिऱ्यांत, 'घोडी' हा शब्द पावलोपावलीं येतो. तो वाचतांना बहुतेकांच्या मनांत एकच अर्थ उभा राहतो, व तो म्हणजे मादी. मराठे स्वार घोड्यापेक्षां घोडीवर बसणें अधिक पसंत करीत, हा जो समज सर्वत्र रूढ झालेला आहे, त्याला इतर आधार असतीलहि. परंतु त्याचा बराचसा भार या एका शब्दाच्या वाचनावर पडलेला आहे. तो भार या शब्दास सोसतो किंवा नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

अडचण अशी आहे. मराठींत 'घोडा' पुल्लिंगी, 'घोडी' स्त्रीलिंगी आणि 'घोडें' नपुंसकलिंगी, असे तीन शब्द आहेत. यांपैकीं तिसरा शब्द नर-मादीचा भेद न करतां केवळ जातीचा वाचक आहे. घोडें पेंड खातें, घोडें दामटतात, घोडें गंगेंत न्हातें. या बोलण्यांतलें जनावर नर कीं मादी हें कोणी विचारीत नाहीं. या 'घोडें' शब्दाचें अनेकवचन 'केळें-केळीं', 'तळें-तळीं' याप्रमाणें 'घोडीं' असें होतें. स्त्रीलिंगी 'घोडी' शब्दाचें अनेकवचन मात्र 'घोड्या'. बाळबोध लिपींत काळजीपूर्वक लिहिलेल्या मजकुरांत शेवटचा अनुस्वार पाहिला म्हणजे काम भागतें. परंतु आपले कागद मोडींत आहेत. आणि मोडी लिहिणारा कारकून अनुस्वाराच्या बाबतींत किती कृपण असतो, हें या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेदहि तो पाळीत नाहीं. म्हणजे एक घोडी आणि अनेक घोडीं हीं दोन्ही कागदावर सारखींच दिसतात. संख्येवरून उलगडा व्हावा असें वाटतें. पण घोड्यांची गणती 'रास' या शब्दानें करण्याची चाल असल्यामुळें तोहि मार्ग अर्धाच उघडा राहतो. 'घोडी रास २५' अशा धर्तीची नोंद असल्यास तींत पंचवीस माद्या आहेत कीं नर-मादी मिळून पंचवीस जनावरें आहेत, हें तेवढ्या शब्दावरून ठरत नाहीं. रंगांचीं नांवें मदतीस येतील म्हणावें, तर अबलख, कुमाईत, सुरंग, समंद, सब्जा हीं सारीं परभाषेच्या वळणाचीं; तीं लिंगाप्रमाणें बदलत नाहींत. एखाद्या रासेपुढें 'तांबडा', 'काळी', 'पांढरें' असें देशी विशेषण आलें तरच निश्चय होतो. एरवीं आमचेंहि घोडें येथेंच पेंड खातें.

हा वाद केवळ व्याकरणाचा असता तर त्यासाठीं इतका कागद खर्चण्याचें कारण नव्हतें. पण असे कागद छापतांना किंवा त्यांचा गोषवारा देतांना संपादकानें पदरचा एक अर्थ घातला, आणि पुढें मूळ कागद कसरीच्या पोटांत गेला, म्हणजे तो पदरचा अर्थच पुरावा होऊन बसतो. मराठ्यांचें घोडदळ माद्यांचें होतें कीं नरांचें, या प्रश्नावर तें घोडदळ घरच्या पैदाशीवर उभें होतें कीं बंदरांतून येणाऱ्या मालावर, हा फार मोठा प्रश्न अवलंबून आहे. म्हणून शब्दावरून निर्णय होत नसेल, तर ज्या जनावराचा तो शब्द आहे त्याच्या स्वभावाकडे वळणें प्राप्त आहे.

घोड्यांच्या कळपाविषयीं आपल्या मनांत एक चित्र ठरून गेलेलें आहे: पुढें आयाळ उडवीत धांवणारा नर आणि मागें त्याची प्रजा. प्रत्यक्षांत प्रकार निराळा असतो. खऱ्या अर्थानें रानटी म्हणावी अशी घोड्याची जात आज एकच उरली आहे, ती मोंगोलियांतील 'ताखी'. प्रझेवाल्स्की या रशियन प्रवाशाच्या नांवानें पोल्याकोव्ह या शास्त्रज्ञानें १८८१ मध्यें तिचें नामकरण केलें. १९६९ मध्यें ती रानांत शेवटची दिसली. आणि प्राणिसंग्रहालयांत तगून राहिलेल्या थोड्या जनावरांची प्रजा १९९२ पासून मोंगोलियांत खुस्ताइन नुरू व ताखीन ताल येथें पुनः सोडण्यांत आली. तिच्या पेशींत ६६ गुणसूत्रें असतात, पाळीव घोड्याच्या पेशींत ६४. कझाकस्तानांतील बोताई येथें सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वीं जे घोडे होते त्यांचीच ही जात वंशज होय, असें मत २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानें मांडलें. पण बोताईचे घोडे मुळांत पाळीव होते काय, यावरच पुढें विद्वानांत वाद माजला. तो वाद आपल्यास येथें सोडवावयाचा नाहीं. ताखी असो, अमेरिकेच्या पश्चिम भागांतील मोकाट मस्टँग असो, कीं फ्रान्समधील कामार्गच्या पाणथळींतील पांढरें घोडें असो, माणसाचा हात सुटतांच हें जनावर सर्वत्र एकाच रीतीनें राहूं लागतें, एवढी गोष्ट आपल्या विषयास पुरेशी आहे.

ती रीत अशी. वयांत आलेला एक नर, दोनचार किंवा थोड्या अधिक माद्या, आणि त्यांचीं दोनतीन वर्षांच्या आंतलीं शिंगरें, एवढें एक कुटुंब असतें. अशीं अनेक कुटुंबें एकाच कुरणांत शेजारीं शेजारीं चरतात, पण एकमेकांत मिसळत नाहींत. कुटुंबाचा कणा म्हणजे माद्यांचा परस्पर सहवास. नर थकला, किंवा दुसऱ्या नरानें त्यास हुसकून लावलें, तरी माद्या बहुधा एकत्रच राहतात. राज्य बदललें तरी गांव बदलत नाहीं, तसा हा प्रकार. पाण्याकडे किंवा नव्या कुरणाकडे निघतांना पुष्कळदां एखादी वयस्क मादीच पहिलें पाऊल टाकते. नर मागें राहून, मान जमिनीलगत घालून व कान पाडून, रेंगाळणारांस हांकीत असतो. त्याचें काम पुढारपणाचें नसून राखणदारीचें आहे. वयांत येणारीं शिंगरें, नर व मादी दोन्ही, जन्माचें कुटुंब सोडतात. मादी दुसऱ्या एखाद्या कुटुंबांत सामील होते. नर मात्र समवयस्क नरांच्या टोळींत जातो. तेथें कांहीं वर्षें लुटुपुटीच्या झुंजी खेळून अंगांत बळ व युक्ति आली म्हणजे स्वतःचें कुटुंब मिळविण्याच्या खटपटीस लागतो. या व्यवस्थेमुळें बापलेकीचा संबंध बहुतांशीं आपोआप टळतो. नरांची ही स्वतंत्र टोळी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पागेकडे वळतांना तिचें प्रयोजन पडणार आहे.

पैदाशीचें मान असें आहे. मादी एकवीस दिवसांच्या सुमाराच्या फेऱ्यानें माजावर येते व पांचसात दिवस माजावर राहते. हा फेरा दिवस मोठे होऊं लागल्यावर सुरू होतो आणि हिवाळ्यांत बंद पडतो. मोंगोलियाच्या माळावर सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत सात तासांहून अधिक अंतर असल्यामुळें तेथें ऋतु कडक पाळला जातो. पुण्याच्या अक्षांशावर तेंच अंतर सुमारें सव्वादोन तासांचें, तेव्हां आपल्याकडे दिवसमानाचा अंमल सैल पडून चाऱ्यापाण्याचा अंमल अधिक चालावा हें ओघानेंच आलें. माजावर आलेल्या मादीजवळ नर एकदम जात नाहीं. प्रथम नाकास नाक लावतो, हुंगतो, वरचा ओंठ वर उचलून वास घेतो. मादीची इच्छा नसल्यास ती कान पाडून व लाथ झाडून त्यास परतविते. संज्ञेनें घोडीचें रूप घेतल्याची पुराणकथा सर्वांस माहीत आहे. अश्वरूप सूर्य जवळ येतांच ती परपुरुषाच्या शंकेनें पाठ न देतां तोंड समोर करून उभी राहते, आणि अश्विनीकुमारांचा जन्म नासिकेपासून होतो. कथेचें तात्पर्य कांहींहि असो, ती रचणारानें घोड्यांचा कळप जवळून पाहिलेला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

गर्भ अकरा महिन्यांचा. शिंगरूं बहुधा रात्रीं जन्मतें आणि तासा-दीड तासांत पायांवर उभें राहतें. व्याल्यावर नऊदहा दिवसांतच मादी पुनः माजावर येते. म्हणून हिशेबानें वर्षास एक शिंगरूं मिळावें, पण इतकें क्वचितच मिळतें. मिळालें तरी त्यावर खोगीर घालण्यास तीनचार वर्षें थांबावें लागतें. म्हणजे आज घोडी लावली, तर तिच्या पोटचें जनावर स्वारीस उपयोगीं पडण्यास पांच वर्षांच्या आसपास काळ जातो. ज्या राजाचें घोडदळ एका लढाईंत बुडालें त्याला घरच्या पैदाशीनें तें पांच वर्षांच्या आंत उभें करतां येत नाहीं. आणि शत्रु तर पुढच्या दसऱ्यास दारांत येणार. जहाज मात्र एका हंगामांत येतें. घोड्यांच्या व्यापाराचा सारा इतिहास या साध्या हिशेबांत आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पैदास माणसानें हातीं घेतली ती केव्हां, यावर अलीकडे बराच प्रकाश पडला आहे. आजच्या पाळीव घोड्यांचें मूळ व्होल्गा व डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत असून इ. स. पूर्वी सुमारें २२०० पासून तेथून त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला, असें २०२१ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासांत दिसून आलें. २०२४ मध्यें त्याच मंडळींनीं दाखविलें कीं त्याच सुमारास या घोड्यांच्या दोन पिढ्यांमधील अंतर आखूड झालें. म्हणजे कळपाच्या चालीनें नव्हे, तर धन्याच्या इच्छेनें माद्या लवकर लवकर फळूं लागल्या.

आपल्या प्राचीन ग्रंथांस या विषयाची जाण होती काय? होती, आणि ती जेथें शोधावी तेथें सांपडत नाहीं, नको तेथें सांपडते. अश्वमेधाचें वर्णन करतांना शतपथ ब्राह्मणांत सांगितलें आहे कीं यज्ञाचा घोडा मोकळा सोडावा, त्याच्याबरोबर शंभर घोडे द्यावे, आणि माद्यांशीं त्याचा संबंध येऊं देऊं नये. यांतील विधीचा अर्थ मीमांसक सांगोत. घोड्याच्या स्वभावाच्या दृष्टीनें पाहतां, एकटा सोडलेला नर दिसेल त्या कळपाकडे धांव घेणार. सोबत दिली तर तो टोळी धरून चरेल, हें त्या काळच्या लोकांस पक्कें ठाऊक होतें. कौटिल्याचें अश्वाध्यक्षाचें प्रकरण तर अनुभवी माणसाचें आहे. घोड्या, वळू व शिंगरें यांना अश्वशाळेंत वेगवेगळीं ठिकाणें असावींत, असें तो सांगतो. व्यालेल्या घोडीस तीन रात्रीं तूप द्यावें, पुढें सातूचें पीठ व स्निग्ध औषधें द्यावींत, आणि शिंगरास दहा रात्रींनंतर सहा महिन्यांचें होईपर्यंत दूध, तूप व पीठ यांचा नेमका रतीब असावा, असा त्याचा दंडक आहे. आजहि शिंगरूं आईपासून तोडण्याचें वय तेंच धरतात. त्याच प्रकरणांत उत्तम घोडे कांबोज, सिंधु, आरट्ट व वनायु या देशांचे, असें सांगून मध्यम प्रतीच्या देशांचींहि नांवें दिलीं आहेत. या दोन्ही यादींत दक्षिणेंतला एकहि प्रदेश नाहीं.

उत्तरकालीन पोथ्यांची गोष्ट वेगळी आहे. जयदत्ताचें अश्ववैद्यक, नकुलाच्या नांवावरील अश्वशास्त्र, आणि शालिहोत्र या सर्वसाधारण नांवानें घरोघर उतरून घेतलेलीं संस्कृत-मराठी बाडें आपल्या संग्रहांतून पुष्कळ आहेत. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानें ११३१ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांतहि घोड्यांस बरीच जागा दिलेली आहे. या वाङ्मयांत भोंवऱ्यांचा, रंगांचा व शुभाशुभ चिन्हांचा विस्तार इतका असतो कीं वाचणारा कंटाळून जातो. कपाळावर दोन भोंवरे असले तर काय, गळ्याखालीं एक असला तर काय, याचीं फळें सांगतांना लेखकाची लेखणी थकत नाहीं. आणि सचित्र पोथी असली तर चित्रेंहि याच भागाचीं असतात. परिणाम असा झाला आहे कीं संग्राहकांचा सारा जीव चित्रांच्या पानांवर. बाजारांत तीं पानें सुटीं करून विकलीं जातात, आणि औषधांची, खुराकाची व गाभण घोडीच्या निगेची चित्रहीन पानें रद्दींत जातात. प्रस्तुत लेखकाच्या मतें किंमत नेमकी उलट व्हावयास पाहिजे. भोंवऱ्याचें फळ एका पोथींतून दुसरींत जसेंच्या तसें उतरलें जातें. पण घोडीस कोणत्या महिन्यांत काय चारावें, हें लिहितांना उतरणारा आपल्या गांवचें धान्य, आपल्या गांवचा पाला व आपल्या गांवचें माप घालतो. हरभरा घोड्याचा खुराक केव्हां झाला, याचा शोध कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं अशाच उपेक्षित उल्लेखांवरून घेतला, हें या क्षेत्रांतील वाचकांच्या स्मरणांत असेलच.

आतां दक्षिणेकडे वळूं. १२९२-९३ च्या सुमारास मार्को पोलो मलबार-कोरोमंडलच्या किनाऱ्यावर होता. तो लिहितो कीं माबर देशाचा राजा दरवर्षीं दोन हजारांहून अधिक घोडे विकत घेतो व वर्षअखेर त्यांतले शंभरहि उरत नाहींत. येथें नालबंद नाहींत, घोड्यांस मांस शिजवून भाताबरोबर चारतात, आणि उत्तम घोडी उत्तम घोड्यास लावली तरी वांकड्या पायांचें किरकोळ शिंगरूंच जन्मतें. जवळपास त्याच काळाचा इराणी इतिहासकार वस्साफ, माबर, खंबायत व शेजारच्या बंदरांत येणाऱ्या घोड्यांचा आंकडा वर्षास दहा हजार देतो. पोलोचें ठाण्याविषयींचें टिपण तर आपल्या घरचेंच आहे. ठाण्याच्या राजाचा चांच्यांशीं करार असे: लुटींत सांपडलेले घोडे राजानें घ्यावे, बाकीचा माल चांच्यांनीं ठेवावा. राजानें सोनें सोडून घोडे मागावे, यांत त्या काळच्या गरजेचें सारें चित्र आलें.

पोलोच्या वांकड्या पायांच्या शिंगराबद्दल थोडें लिहिलें पाहिजे, कारण त्यावरून 'दक्षिणेंत घोडें निपजतच नाहीं' असा सरसकट सिद्धान्त पुष्कळांनीं काढला आहे. दमट किनारा, चुनखडीचा अभाव असलेलें गवत, भाताचा खुराक आणि चोवीस तास खुंट्यास बांधलेली गाभण घोडी, एवढीं कारणें एकत्र आल्यावर शिंगराचे पाय वांकडे झाले तर दोष देशाचा किती व रीतीचा किती, हें निवडणें कठीण आहे. पोलोनें जें पाहिलें तें किनाऱ्यावर. घाटमाथा उतरून भीमा-नीरेच्या खोऱ्यांत तो आलाच नाहीं. तेथें पाऊस कमी, हवा कोरडी, जमीन टणक आणि माळावरचें गवत आंखूड पण कसदार. त्या खोऱ्याचें नांवच ज्या जातीस मिळालें ती भीमथडी जात पुढें मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर सर्वत्र प्रसिद्ध झाली. देशी घोड्या आणि बाहेरून आलेले अरबी व तुर्की वळू यांच्या संकरांतून ती सुधारत गेली, असें सामान्यतः मानतात; व त्यास स्वभावधर्माचा आधार आहे. अरब आपल्या घोड्याचें कुळ आईकडून मोजतो, आणि उत्तम घोडी सहसा विकत नाहीं. तेव्हां जहाजांतून उतरणारा माल मुख्यत्वें नरांचा. एका नरास अनेक माद्या पुरतात नव्हे, अनेक माद्यांस एक नर पुरतो. त्यामुळें थोड्या वळूंनीं मोठा मुलूख सुधारतो, पण माद्या त्या मुलुखांतल्याच असाव्या लागतात. आइने-अकबरींत कच्छच्या घोड्यांविषयीं आख्यायिका दिली आहे कीं एक अरबी जहाज किनाऱ्यास लागून फुटलें, व त्यांतल्या सात उत्तम घोड्यांपासून तेथील जात निर्माण झाली. सातांत माद्या किती, हें अबुल फजलनें लिहिलें नाहीं. बहुधा एकहि नसावी, आणि तरीहि आख्यायिका खरी असूं शकेल.

पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतल्यावर घोड्यांचा व्यापार तेथें ओढून घेण्याचा जो प्रयत्न केला, त्याचें मर्म यांत आहे. विजयनगर व विजापूर या दोघांसहि घोडे हवे, आणि दोघांचीहि नाडी बंदराच्या जकातीवर. भीमथडीच्या खोऱ्यांतील कुणब्याच्या दारांत बांधलेली एक घोडी ही त्या जकातींतून सुटका होती.

शिवकालाकडे येतां सभासदाची बखर पागेची रचना स्पष्ट सांगते: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी, आणि पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. बारगिराचें घोडें सरकारचें. शिलेदाराचें त्याचें स्वतःचें. पोलोनें ज्या नालबंदाच्या अभावीं घोडे मेलेले पाहिले, तो नालबंद येथें पंचविसांमागें एक नेमलेला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागें चिपळुणच्या छावणींतील जुमलेदार-हवालदारांस महाराजांनीं लिहिलेलें पत्र सुप्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा-वैरण आतांच मन मानेल तसा चारून संपविलात, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हींच मारिलीं असें होईल, असा त्याचा भावार्थ. या पत्रास रयतेच्या रक्षणासाठीं सर्वजण वाखाणतात, आणि तें योग्यच आहे. पण तें घोड्यांच्या वार्षिक क्रमाचाहि एक अस्सल पुरावा आहे. आठ महिने मुलुखगिरी, चार महिने छावणी. दसऱ्यास स्वारी निघावयाची, पावसाच्या तोंडीं परत.

या क्रमावर घोडीचे अकरा महिने ठेवून पाहावे. आषाढ-श्रावणांत छावणींत घोडी लागली, तर ती पुढच्या ज्येष्ठ-आषाढांत व्यावयाची, म्हणजे बरोबर छावणीच्या वेळीं, हिरवा चारा निघतां निघतां. दसऱ्यापासून माघ-फाल्गुनापर्यंत गर्भ लहान असतो व घोडी स्वारीचें काम बिनहरकत देते. अवजड होते ती शेवटच्या दोनतीन महिन्यांत. म्हणजे घोडीची पैदास आणि मुलुखगिरी यांचा मेळ बसतो, पण पुरता बसत नाहीं. चैत्र-वैशाखांतल्या लांब मजला तिच्यावर मारणें म्हणजे शिंगरावर पाणी सोडणें. हा तोटा कोण सोसील? ज्याला तें शिंगरूं मिळणार असेल तो. शिलेदारास प्रत्येक शिंगरूं म्हणजे पांच वर्षांनीं आणखी एक स्वार, मुलासाठीं किंवा भाच्यासाठीं. म्हणून तो घोडी बाळगील, तिला जपील, प्रसंगीं वैशाखांत घरींहि ठेवील. बारगिरास यांतलें कांहींच मिळावयाचें नाहीं, आणि सरकारास तर वैशाखांत पुरी पंचवीस घोडीं उभीं पाहिजेत.

पागेची बांधणीहि याच दिशेस नेते. ठाणावर आगाडी-पिछाडीनें बांधलेली नरांची रांग म्हणजे रानांतल्या नरटोळीचेंच स्थिर केलेलें रूप होय. एकमेकांस ओळखणारे नर शेजारीं शेजारीं निमूट उभे राहतात. तींत एक माजावरची घोडी आणली कीं पिछाड्या तुटतात, खुंट उपटतात, आणि मोतद्दारांची हाडें मोडतात. मध्य आशियाच्या लोकांनीं यावर खच्ची करण्याचा उपाय काढला. अरबांनीं उलट टोकास जाऊन छाप्याच्या कामीं घोड्याच वापरल्या, कारण शत्रूच्या घोड्यांचा वास येतांच नर खिंकाळतो व मसलत फुटते. हिंदुस्थानांत बहुधा नर तसेच ठेवून त्यांस वेगळें बांधण्याची कौटिल्याची रीत चालत आली. मोठ्या पागेंत नर-मादींची सरमिसळ टिकत नाहीं; ती एक तर नरांची असते, नाहीं तर माद्यांचें ठाण अलग असतें.

यावरून कागद वाचण्यास कांहीं वाट मिळते. सरकारी पागेच्या एकत्र बेरजेंत 'घोडी रास' असें आल्यास, उलट पुरावा नसेपर्यंत, तें नपुंसकलिंगी 'घोडीं' समजावें व त्यावरून माद्यांचें घोडदळ उभें करूं नये. शिलेदाराच्या हजिरींत, जेथें प्रत्येक स्वारापुढें त्याचें जनावर वेगळें लिहिलेलें असतें, तेथें एकट्या 'घोडी' शब्दाचा अर्थ मादीच होय. कारण एका जनावरास 'घोडीं' म्हणतां येत नाहीं, 'घोडें' म्हणावें लागतें. अशा हजिऱ्यांत घोडा, घोडी व घोडें यांची वेगवेगळी गणती करून पाहिल्यास मराठ्यांच्या घोड्यांचा प्रश्न आंकड्यांनीं सुटण्याजोगा आहे. आणि तो कोणत्या तरी एका उत्तरानें सुटणार नाहीं, पागेस एक व शिलेदारीस दुसरें अशी उत्तरें निघतील, अशी आमची अटकळ आहे. जेथें नोंदीबरोबर 'शिंगरूंसुद्धां' असा शब्द असेल तो कागद विशेष जपावा. घोडी विकतांना, जप्त करतांना किंवा वांटणींत देतांना पायांतलें शिंगरूं कोणाचें, हा तंटा नेहमींचा; त्यामुळें लष्करी दप्तरापेक्षां महजर, वांटणीपत्रें व पाटलांच्या घरचीं टिपणें यांतच घोड्यांच्या पैदाशीचा इतिहास अधिक सांपडेल. संपादकांस विनंति इतकीच कीं असे कागद छापतांना 'घोडी' शब्दास अनुस्वार देतांना किंवा गाळतांना तो मूळांत आहे किंवा नाहीं, हें कंसांत नमूद करावें.

पुण्यांत हुजूरपागा हें नांव आज मुलींच्या शाळेस चिकटून राहिलें आहे; पागा गेली, घोडीं गेलीं. भीमथडी तालुका हें नांवहि इंग्रजी अमदानींतल्या कागदांबरोबर मागें पडलें. जात मात्र नामशेष झाली नाहीं. २०२३-२४ मध्यें राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ती आज मुख्यत्वें मेंढपाळ धनगरांच्या जवळ आहे. पाऊस संपला म्हणजे त्यांचे वाडे मेंढरांसह निघतात, व बिऱ्हाडाचें सामान, कोंबड्या आणि लहान मुलें घोडीच्या पाठीवर असतात. शिंगरूं बांधलेलें नसतें. तें मोकळेंच घोडीच्या मागून चालतें.